किती चुकलं तर चालतं?

25 मिलिमीटरच्या भोकात फिरणारा 25 मिलिमीटरचा शाफ्ट प्रत्यक्षात कधीच 25 मिलिमीटरचा नसतो. ड्रॉइंगवर '25 एच7/जी6' असं लिहिलेलं असतं आणि मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला त्याचा अर्थ लावता यावा, एवढी विद्यापीठाची माफक अपेक्षा असते. तक्ता उघडला की कळतं, भोक 25.000 ते 25.021 मिलिमीटरच्या दरम्यान कितीही चालेल, शाफ्ट मात्र 24.980 ते 24.993 च्या मध्येच हवा. म्हणजे एखाद्या कसबी टर्नरनं जीव ओतून बरोब्बर 25.000 चा शाफ्ट काढला, तर इन्स्पेक्शनवाला तो मायक्रोमीटरमध्ये धरणार, मान हलवणार आणि परत पाठवणार. बरोबर आलंय, जरा चुकवून आण, असं सांगून माल परत पाठवणारा दुसरा धंदा जगात नसावा. मेकॅनिकलच्या आठ सेमिस्टरमध्ये पोरं गणितं सोडवतात, शीट काढतात, कानस घासतात, जर्नलं लिहितात, पण या सगळ्या पसाऱ्यात खऱ्या अर्थानं एकच विषय असतो: किती चुकलं तर चालतं. माझं म्हणणं असं की ही पदवी दुसरं काही शिकवतच नाही, आणि एवढं जरी तिनं नीट शिकवलं तरी फी वसूल झाली म्हणायची.

आपल्याकडे बाकीच्या शिक्षणाला बरोबर आणि चूक असे दोनच कप्पे असतात. बारावीपर्यंत त्या दोन कप्प्यांत वाढलेलं पोर पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्सच्या तासाला बसतं आणि त्याला सांगितलं जातं की कप्पीला वजन नाही, दोरी ताणली जात नाही आणि घर्षण धरायचं नाही. ते बिचारं धरत नाही. पुढं थिअरी ऑफ मशिन्स येतं आणि कळतं, घर्षण नसेल तर क्लच पकडणार नाही, ब्रेक लागणार नाही, पट्टा फिरणार नाही. पहिल्या वर्षी ज्याला दाराबाहेर काढलं होतं त्याच्यावरच आता सोळा मार्कांचा प्रश्न असतो. मग डिझाइन येतं. तिथं तीन पानं भरून ताण, पीळ आणि वाक यांची गणितं दशांशचिन्हापुढे दोन घरांपर्यंत करायची आणि शेवटी सगळ्याला फॅक्टर ऑफ सेफ्टीनं भागायचं. तो तीन का आणि चार का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा 'प्रश्नात दिलाय' हेच असतं. जुनेजाणते इंजिनिअर त्याला अज्ञानाचा गुणक म्हणतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. लोखंड नेमकं कसं असेल, वापरणारा त्यावर काय लादेल, हे कोणालाच पुरतं माहीत नसतं. मग आपल्याला किती माहीत नाही याचा अंदाज घेऊन तेवढं लोखंड वाढवायचं. विमानाच्या सांगाड्याला हा आकडा साधारण 1.5 वरच आवरतात, कारण तो पाच धरला तर विमान सुरक्षित राहील, पण धावपट्टीवरच. एवढं करून शाफ्टचा व्यास 31.47 आला की डेटा बुक उघडून त्याच्या वरचा, बाजारात मिळणारा 35 चा घ्यायचा. तीन पानांचं हे गणित बुधवार पेठेतल्या हार्डवेअरवाल्यानं एका वाक्यात सोडवलं असतं. फक्त 35 चा कुठल्या दिवशी तुटेल, हे त्याला सांगता आलं नसतं.

सगळ्यात मोठा दिलासा थर्मोडायनॅमिक्स देतं. सादी कार्नो या फ्रेंच लष्करी इंजिनिअरनं 1824 साली एक छोटंसं पुस्तक काढलं. उष्णतेवर चालणाऱ्या कुठल्याही इंजिनाला एक मर्यादा असते आणि ती कारागिराच्या हुशारीवर नव्हे, तर दोन तापमानांवर ठरते, असं त्यात होतं. पुस्तकाची तेव्हा फारशी कोणी दखल घेतली नाही आणि कार्नो 1832 साली कॉलऱ्यानं गेला. त्याच्या विचाराला पुढं जे सूत्र मिळालं, त्यात आकडे घालून बघा. 527 अंश सेल्सिअसची उष्णता घेऊन 27 अंशांच्या हवेत सोडणारं आदर्श इंजिन धरा; घर्षण नाही, गळती नाही, कुठं काही सांडलवंड नाही. कार्यक्षमता येते साडेबासष्ट टक्के. फर्स्ट क्लास मिळाला, डिस्टिंक्शन हुकलं. या तापमानांना निसर्ग याहून जास्त मार्क देत नाही, आणि रिव्हॅल्युएशनचा अर्ज भरायची सोय नाही. खरी इंजिनं तर याच्याही खूप खाली असतात. पेट्रोलवरची नेहमीची गाडी टाकीतल्या उष्णतेपैकी पाव हिस्सा, फार तर तीस टक्के कामाला लावते. जुन्या पद्धतीचं औष्णिक वीज केंद्र कोळशातल्या उष्णतेच्या साधारण एक तृतीयांशाची वीज करतं. तेव्हा चाळीस मार्कांना पास झालेला विद्यार्थी, ज्या दिव्याखाली त्यानं आदल्या रात्री अभ्यास केला त्या दिव्याची वीज बनवणाऱ्या केंद्रापेक्षा वरच्या नंबरात येतो. घरी वडिलांना हे पटणं अवघड आहे, पण शास्त्र मुलाच्या बाजूनं आहे.

कौतुक याचं वाटतं की विद्यापीठानं हे तत्त्व पुस्तकात न ठेवता स्वतःच्या कारभाराला लावून घेतलंय. एटीकेटी ही काय भानगड आहे? पुढच्या वर्षाच्या भोकात बसण्यासाठी विद्यार्थ्याला दिलेला टॉलरन्स. ठरलेल्या संख्येपर्यंत विषय राहिले तरी हा माल पुढच्या खात्यात जाऊ शकतो. संख्या ओलांडली की इयर डाउन, म्हणजे रिवर्क. ड्रॉइंगच्या शीटची गोष्टही तीच. षट्कोनी पिरॅमिड तळाच्या एका कोपऱ्यावर उभा आहे, त्याचा अक्ष जमिनीशी तीस अंशांत कललाय, तर त्याची चित्रं काढा. असा पिरॅमिड इजिप्तमध्येही कोणी पाहिला नसेल, पण एन. डी. भट्टांच्या पुस्तकात त्यांची आख्खी वसाहत आहे. यावर हॉस्टेलनं शोधलेला उपाय म्हणजे जीटी, ग्लास ट्रेसिंग. दोन पालथ्या बादल्यांवर काच, काचेखाली शंभरचा बल्ब, काचेवर टॉपरची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, कोपऱ्यांना सेलोटेप. पहाटे चारपर्यंत साठ जणांच्या साठ शीट तयार होतात आणि कोणाचीही कोणाच्या जागी ठेवली तरी काही फरक पडत नाही. कारखानदारीत याला इंटरचेंजेबिलिटी म्हणतात. तिच्यासाठी कंपन्या गेजेस आणि फिक्श्चरवर लाखो रुपये खर्च करतात, हॉस्टेलवर ती बल्बच्या खर्चात मिळते. चौथ्या पिढीच्या शीटवर 47 चा 41 झालेला असतो आणि तो 41 पुढं तितक्याच निष्ठेनं गिरवला जातो. आता ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स आलं, काच गेली, पेन ड्राइव्ह आला. साठही फायलींच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून एकाच मुलाचं नाव दिसतं, एवढाच काय तो तंत्रज्ञानानं घातलेला घोळ.

नक्कल चालत नाही अशी एक जागा मात्र कॉलेजात उरलीय, आणि तिथं या पदवीचा गाभा आहे असं मला वाटतं. ती जागा म्हणजे फिटिंग शॉप. हातात नरम लोखंडाचा चौकोनी तुकडा मिळतो. त्याला मोरचुदाचं पाणी किंवा खडू लावायचा, स्क्रायबरनं रेघा मारायच्या, पंचानं ठिपके ठोकायचे, हॅक्सॉनं जादाचा भाग कापायचा आणि मग वाइसमध्ये धरून घासत बसायचं. कानशींच्या जातींत 'बास्टर्ड' नावाची एक जात आहे; पहिल्या दिवशी ते नाव ऐकून आख्खी बॅच हसते, इन्स्ट्रक्टर हसत नाही, कारण तो दरवर्षी तेच हसू ऐकत आलाय. दोन तुकडे करायचे असतात, एकाला खाच आणि दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ. घासताना हात डुलतो, त्यामुळं कडा खाली बसतात आणि मधला भाग फुगीर राहतो. ट्राय स्क्वेअर लावून तुकडा ट्यूबलाइटकडे धरला की फटीतून उजेड दिसतो. परत घासा. आता उजेड दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. परत घासा. तासाभरानं तो पृष्ठभाग सपाट होतो आणि लक्षात येतं की जीभ खाचेपेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं बारीक झालीय. मग काही बहाद्दर कडा हातोडीनं ठोकून लोखंड पसरवतात, काही वेल्डिंग शॉपमधल्या दोस्ताकडून फट भरून आणतात. पण वाइससमोर उभ्या राहिलेल्या पोराला त्या दिवशी अर्धा मिलिमीटर म्हणजे किती मोठा असतो, हे तळहातावर फोड येऊन कळलेलं असतं. लोखंड काढता येतं, परत लावता येत नाही, हेही.

लॅबमध्ये याच्या बरोबर उलटा कारभार. तिथं उत्तर आधी ठरलेलं असतं आणि रीडिंग त्याच्या मागून येतात. सीनियरच्या जर्नलमधून आलेला आलेख इतका सुबक असतो की त्या यंत्रानं तो आयुष्यात काढलेला नाही. यंत्र चालू कसं करायचं हे लॅबमधल्या मामांना ठाऊक असतं आणि मामा त्या दिवशी रजेवर असतात. मोर्स टेस्ट नावाचा एक प्रयोग आहे: चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनातला एकेक सिलिंडर आळीपाळीनं बंद करायचा आणि शक्ती किती घटते ते मोजायचं, त्यावरून प्रत्येक सिलिंडर किती काम करतो ते समजतं. शेवटच्या वर्षाच्या चौघांच्या प्रोजेक्ट ग्रुपवर ही टेस्ट कोणी केली तर तीन सिलिंडर बंद करूनही शक्ती तेवढीच भरेल. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही म्हणून बरं.

इथवर वाचून कोणी शहाणा वाचक म्हणेल की हा सगळा लबाडीला तत्त्वज्ञान चिकटवण्याचा प्रकार झाला. टॉलरन्स वेगळा आणि 'चालतंय की' वेगळं, शाफ्टचा 0.013 मिलिमीटरचा पट्टा कोणीतरी विचार करून ठरवलेला असतो, चोरलेल्या शीटमागे कसला विचार? आक्षेप बिनतोड आहे, आणि त्याच्यासाठी हवा तर याहून जड पुरावा देतो. 28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं आणि आतले सातही जण गेले. बूस्टरच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीनं कडक झाली आणि तिनं झटकन पसरून फट बुजवली नाही. आधीच्या काही उड्डाणांनंतरही त्या रिंगा जळून खाल्लेल्या आढळल्या होत्या. पण प्रत्येक वेळी यान सुखरूप परत आलं, म्हणून तेवढी जळली तर चालते, असं हळूहळू ठरत गेलं. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर आदल्या रात्री उड्डाण नको म्हणून वाद घालत होते, वरच्यांनी ऐकलं नाही. तिथं 'चालतं' सगळ्यांना पाठ होतं, 'किती' कोणी मोजलं नव्हतं. तेव्हा जीटीवाल्यांची वकिली मी इथंच थांबवतो. 47 चा 41 करणाऱ्याला त्या सहा मिलिमीटरनं काय बिघडेल, हे सांगता आलं असतं तर त्याला शंभर गुन्हे माफ केले असते. त्याला ते येत नाही, आणि आपल्या बऱ्याच कॉलेजांचा दोष नेमका हाच आहे: ती सवलत देतात आणि मोजपट्टी देत नाहीत. 1983 नंतर विनाअनुदानित कॉलेजांना परवानग्या मिळाल्या आणि कॉलेजं गावोगाव उभी राहिली. इमारत बांधणं, बोर्ड लावणं, प्रवेश भरणं सोपं होतं. लेथवर उभं राहून पोराच्या हातून शाफ्ट बिघडू द्यायला वेळ आणि पोलाद दोन्ही लागतं, आणि बिघडलेल्या शाफ्टचा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा हे ट्रस्टींना विचारावं लागतं.

दुसरा आक्षेप नेहमीचा. मेकॅनिकल करून शेवटी पोरं सॉफ्टवेअरमध्येच जातात ना? जातात. कॅम्पसला येणारी कंपनी 'एनी ब्रँच' म्हणते आणि अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट घेते. त्या टेस्टला रेल्वेचं इंजिन कसं चालतं याच्याशी देणंघेणं नसतं, गाडी फलाट किती सेकंदांत ओलांडते तेवढं तिला हवं असतं. पण म्हणून पदवी वाया गेली म्हणायला मी तयार नाही, कारण किती चुकलं तर चालतं हे ज्ञान शाफ्टपुरतं राहत नाही. अनिल कुंबळे बेंगळुरूच्या आर. व्ही. कॉलेजातला मेकॅनिकल इंजिनिअर. लेगस्पिनर असून चेंडू वळवत नाही, अशी तक्रार त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं झाली. नियमानं बॅट जास्तीत जास्त 10.8 सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे मधोमध येणारा चेंडू कडेला लागायला साडेपाच सेंटिमीटरसुद्धा वळावा लागत नाही. त्याहून जास्त वळवणं म्हणजे मटेरियलची नासाडी. त्यानं ती केली नाही आणि कसोटीत 619 बळी घेतले. पृथ्वीराज चव्हाण पिलानीच्या बिट्समधले मेकॅनिकलवाले. त्यांनी 2010 ते 2014 आघाडी सरकार चालवलं. दोन फिरत्या भागांत क्लिअरन्स फार ठेवला तर खडखडाट होतो आणि कमी ठेवला तर जाम होतं, हे ज्याला दुसऱ्या वर्षीच शिकवलंय त्याला त्या कामात पदवीचा उपयोग झालाच नसेल, असं छातीठोकपणे कोण म्हणेल?

तिसरा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण तो आपल्या घरातूनच येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे कुठं होती मेकॅनिकलची पदवी? नव्हती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले आणि काही रंग आपल्याला नीट ओळखू येत नाहीत, असं त्यांच्या लक्षात आलं. चित्रकाराला एवढी चूक चालत नाही. यंत्रांच्या ड्रॉइंगला मात्र काळी रेघ पुरते. ते त्याकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवू लागले. पुढं बेळगावात सायकलींचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर आणि 1910 साली किर्लोस्करवाडी. आक्षेप घेणारा म्हणतो, बघा, पदवीवाचून अडलं नाही. मला त्यात वेगळंच दिसतं. आपला दोष कुठल्या कामात चालतो आणि कुठल्या कामात चालत नाही, हे त्यांनी वेळेवर मोजलं. ते ज्याला जन्मतःच जमतं त्यानं खुशाल चार वर्षं वाचवावीत. राहिलेल्यांनी काय करायचं? त्यांना कोणीतरी वाइससमोर उभं करावंच लागणार. गंमत म्हणजे आज कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये पोरं ज्या डिझेल इंजिनाला दोर गुंडाळून त्याची ब्रेक टेस्ट घेतात, ते किर्लोस्करांचंच असतं.

शाखा मेली म्हणणारेही आहेत. गेल्या दशकात मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहायला लागल्या, कॉम्प्युटरला रांगा लागल्या, आता तर गाड्या विजेवर चालणार. विजेवरच्या गाडीतही बेअरिंग असतं, गिअर असतो, ब्रेक असतो, आणि बॅटरी तापली की तिची उष्णता बाहेर काढायला तेच हीट ट्रान्सफर लागतं, ज्यात या मंडळींपैकी बऱ्याच जणांची केटी राहिली होती. यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

तेव्हा यंदा घरातल्या कोणाला मेकॅनिकलला घालायचं चाललं असेल तर एक करा. कॉलेज बघायला गेलात की प्लेसमेंटचा फ्लेक्स, वातानुकूलित सेमिनार हॉल आणि प्राचार्यांच्या केबिनमधली ढाल यांच्यापुढून सरळ चालत जा आणि वर्कशॉप कुठं आहे ते विचारा. कुलूप असेल तर किल्ली मागवा. लेथखालचा ट्रे बघा. त्यात लोखंडाचा ताजा कीस आणि कूलंटचा वास असेल, कोपऱ्यात बिघडलेल्या शाफ्टांचा ढीग असेल, तर बिनधास्त प्रवेश घ्या. ट्रे लख्ख असेल तर कॉम्प्युटरची यादी बघा, तिथं निदान खुर्ची तरी बरी मिळते.